सहीचा रकाना

४ जानेवारी

मुंगे,

तीन वर्षांनी पत्र येतंय आणि तेही दादाचं, म्हणून न उघडताच फाडू नकोस. फाडायचंच असेल तर वाचून फाड. पत्ता तुझ्या वहिनीकडून मिळाला. मिळाला म्हणजे काय, पिठाच्या डब्यामागे तुझी पाकिटं सापडली, चांगली अकरा. तीन वर्षं ही बाई तुझ्याशी पत्रव्यवहार करतेय आणि मला सुगावा नाही. विचारलं तर म्हणाली, "तुम्ही कधी विचारलंत?" खरं आहे, नाही विचारलं. आतली पत्रं मी वाचलेली नाहीत, तेवढी शिस्त अजून आहे. फक्त मागचा पत्ता उतरवून घेतला.

घरी सगळं ठीक. वहिनीचा गुडघा दुखतो. माझ्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, आपल्याच हॉस्पिटलात. तिथली नर्स विचारते, "काका, तुम्ही काय काम करता?" मी म्हणालो, इथलाच लायब्ररियन. तर म्हणते, "आपल्याकडे लायब्ररी आहे?" अठ्ठावीस वर्षं त्या खोलीत बसून मी एवढी कीर्ती मिळवली. ऑगस्टमध्ये निवृत्त होतोय.

लायब्ररी तू पाहिलीस तशीच आहे. टेबलावर दोन ट्रे. वरचा डॉक्टरांच्या चिठ्ठ्यांचा, खालचा नर्सेसचा. वरच्यातला प्रश्न त्याच दिवशी शोधायचा, खालच्यातला शनिवारी, वेळ उरला तर. त्यावरून तू किती भांडायचीस. "दादा, पेशंटजवळ दिवसभर आम्ही उभ्या असतो आणि आमचेच प्रश्न शनिवारी?" मी म्हणायचो, नियम आहे. नियम मीच केला होता, ते सोड.

पत्राचं कारण तो खालचा ट्रे. परवा त्यात एक चिठ्ठी आली, तुझ्याच जुन्या वॉर्डातल्या एका नव्या नर्सची. प्रश्न असा: पेशंटला भरवायला नाकातून पोटात नळी घालतो, ती जागेवर बसली की नाही हे आपण नळीत हवा सोडून, पोटावर आवाज ऐकून ठरवतो. ते बरोबर आहे का? तुझाच प्रश्न, शब्दही जवळजवळ तेच.

तुझ्या वॉर्डातल्या त्या शिंप्याचा मृत्यू झाल्यावर चौकशीत तू म्हणालीस की हाच प्रश्न तू त्याला नळी घालायच्या अकरा दिवस आधी लायब्ररीला लेखी विचारला होतास. मला बोलावलं. मी सांगितलं, रजिस्टरमध्ये अशी नोंद नाही. नोंद नव्हतीच. आजही कुणीही रजिस्टर उघडून बघावं. मी खोटं बोललो नाही, एवढंच तुला सांगायचं होतं.

तिकडे थंडी फार असते म्हणे. स्वेटर घालत जा.

दादा


१९ जानेवारी

मुंगे,

उत्तर आलं नाही. येईल असं वाटलंही नव्हतं, तरी पोस्टमन दिसला की मी उगाच फाटकापाशी जाऊन उभा राहतो. वहिनी खिडकीतून बघते आणि बोलत नाही. तिचं न बोलणं तुला माहीत आहे, भांडी आपटून न बोलते.

त्या नव्या पोरीच्या प्रश्नाचं उत्तर मी शोधलं. शनिवारची वाट बघितली नाही. आवाजावर भरवसा ठेवायचा नाही, असं आहे ते. नळी चुकून श्वासनलिकेत गेली असली तरी पोटावर तसाच गुडगुड आवाज येऊ शकतो. त्यापेक्षा नळीतून थोडा द्राव ओढून त्याची आम्लता, म्हणजे पीएच, पट्टीवर तपासायची. साडेपाच किंवा त्याहून खाली आली तर पुढे जायचं. वर आली, किंवा द्राव आलाच नाही, तर एक्स-रे काढल्याशिवाय नळीतून काहीही सोडायचं नाही. हे काही काल लागलेले शोध नाहीत. कितीतरी वर्षं छापून येतंय. नर्सिंगची जी जर्नल्स मी बांधून ठेवतो त्यातही होतं, माझ्या खुर्चीच्या मागे, हात मागे केला तर लागेल इतक्या अंतरावर. शोधायला मला चाळीस मिनिटं लागली.

उत्तर एका पानावर सोप्या भाषेत लिहिलं आणि स्वतः वॉर्डात घेऊन गेलो. नोकरीत पहिल्यांदा. दाराशी अडखळत उभा होतो, तर वॉर्डबॉयला वाटलं मी भेटायला आलोय. म्हणाला, "चारनंतर या." ती नवी पोर बुटकी आणि जाड चष्म्याची, बोलते मात्र तुझ्यासारखी, समोरच्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत. डॉक्टरांना विचारून तिने तिथेच एका आजीच्या नळीतून द्राव ओढला, प्रयोगशाळेतून मागून आणलेल्या पट्टीवर थेंब टाकला. पट्टीचा रंग बदलला. तिने तो डबीवरच्या रंगांशी लावून बघितला, दोनदा, आणि मग आजीला म्हणाली, "चला, आता जेवायचं." एवढंच झालं.

मग तिने विचारलं, "काका, हे आपल्याकडे आधी का नव्हतं?"

मी म्हणालो, "कुणी विचारलं नव्हतं."

मुंगे, हे तोंडातून निघून गेलं. कुणी दटावलं नव्हतं, चौकशी नव्हती, समोर एक चोवीस वर्षांची पोर होती फक्त. घरी आलो आणि जेवलो नाही. मागच्या पत्रात मी खोटं बोललो नाही असं लिहिलंय ना, ती ओळ खोडून टाक. तुझी चिठ्ठी आली होती.

दादा


२ फेब्रुवारी

मुंगे,

आज सगळं लिहितो. तुला यातलं बरंचसं माहीत आहे, तू समोरच होतीस. पण मी ते कधी एका जागी ठेवून बघितलेलं नाही.

तुझी चिठ्ठी सोमवारी आली. तुझं अक्षर मी लांबून ओळखतो, पाटीवर मीच गिरवून घेतलंय. प्रश्न नीट मांडला होतास, कारण नीट लिहिलं होतंस. फक्त शेवटचा रकाना, मेट्रनच्या सहीचा, कोरा होता. सहीशिवायची चिठ्ठी अपूर्ण, आणि अपूर्ण चिठ्ठी रजिस्टरमध्ये चढवायची नाही, हाही माझाच नियम. पण खरं सांगू का, दुसऱ्या कुणा नर्सची असती तर मी फोन करून म्हटलं असतं, बाई, सही राहिली, नंतर आणा, तोवर बघून ठेवतो. कितीदा केलंय तसं. तुझ्या बाबतीत नाही केलं. लायब्ररियनची बहीण म्हणून तिचं काम आधी होतं, असं कुणी म्हणायला नको होतं मला. आई-वडील गेल्यावर तुला मी वाढवलं, नर्सिंगला मी घातलं, आणि या हॉस्पिटलात पहिल्या दिवसापासून मी अशा थाटात वागलो की जणू तू कोण आणि मी कोण. त्याचा मला अभिमान होता. लोक म्हणायचे, माणूस सरळ आहे.

गुरुवारी सकाळी चहा घेताना तू विचारलंस, "दादा, माझी चिठ्ठी बघितलीस का?"

"सही नाही तिच्यावर."

"मेट्रन रजेवर आहेत. बदली आलेली बाई सही देत नाही. म्हणते, इतकी वर्षं ऐकूनच चाललंय, चालू दे."

"मग मेट्रन येईपर्यंत थांब."

"दादा, वॉर्डात आत्ता नळीवाले चार पेशंट आहेत."

"घरात ऑफिसचं नको," मी म्हणालो आणि वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं. वहिनी ओट्यापाशी होती, तिने ऐकलं. तू कप उचलून विसळलास आणि गेलीस.

पुढच्या शुक्रवारी शिंप्याला नळी घातली. तू नियमाप्रमाणे हवा सोडलीस, आवाज ऐकलास, आवाज आला. नळी फुप्फुसात होती. तो चार दिवस झगडला.

चौकशीच्या खोलीत मी तुझ्याकडे न बघता "नोंद नाही" म्हणालो, तेव्हा तुझी चिठ्ठी माझ्या कोटाच्या आतल्या खिशात होती. घडी घालून. दाखवायची म्हणूनच नेली होती, शपथेवर सांगतो. मग अधीक्षकांनी विचारलं, "रजिस्टरमध्ये आहे का?" आणि खोटं न बोलता मला ज्याचं उत्तर देता येत होतं नेमकं तेच त्यांनी विचारलं होतं. तू एक वाक्य बोलली असतीस, की दादाने घरी मला सही नाही म्हणून सांगितलंय, तर मी उघडा पडलो असतो. तू माझ्याकडे बघितलंस. मग टेबलाकडे बघितलंस आणि गप्प बसलीस. त्यांनी लिहिलं, 'निष्काळजीपणा आणि असत्य विधान'. आपण घरी एकाच रिक्षाने आलो आणि दुसऱ्या दिवशी तू नव्हतीस.

चिठ्ठी मी एका जुन्या बांधीव खंडात ठेवली, जो कुणी कधीच मागत नाही. आणि आता सगळ्यात वाईट. तीन वर्षं मी त्या प्रश्नाचं उत्तर शोधलं नाही. शोधून वॉर्डात दिलं असतं तर कुणीतरी म्हणालं असतं, हे आत्ता कसं सुचलं, आधी कुणी विचारलं होतं का? म्हणून गप्प बसलो. तीन वर्षं त्या वॉर्डात आवाज ऐकूनच भरवत होते. आणखी कुणाला काय झालं, झालं की नाही, मला माहीत नाही. कुणी मोजलेलं नाही.

दादा


२० फेब्रुवारी

मुंगे,

वहिनीला सांगितलं. ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "मी त्या दिवशी ओट्यापाशीच होते की. तीन वर्षं तुम्हाला जेवायला वाढतेय आणि वाट बघतेय, आज सांगतील, उद्या सांगतील." मग म्हणाली, "शेंगा सोलायला घ्या." मी घेतल्या. दोघांनी मिळून पाव किलो शेंगा सोलायला तासभर लावला.

दुसऱ्या दिवशी चिठ्ठी बाहेर काढली आणि रजिस्टरमध्ये चढवली. मागची तारीख घातली नाही, ते पाप नको. आजच्या तारखेला लिहिलं की ही चिठ्ठी तीन वर्षांपूर्वी अमुक दिवशी माझ्या हातात आली, मी ती अडवून ठेवली, आणि चौकशीत लपवली. खाली माझी सही. मग रजिस्टर काखेत मारून अधीक्षकांकडे गेलो.

ते चांगले आहेत स्वभावाने. चहा मागवला. म्हणाले, "अहो, सहा महिने राहिलेत तुमचे. कशाला उकरून काढता? सुखाने जा."

मी म्हणालो, "ती खोटं बोलली असं तुम्ही लिहिलंय. खोटं मी बोललो."

"आणि याने तो माणूस परत येणार आहे का?"

"तो नाही येणार. पण तिच्या नावापुढचं ते वाक्य पुसता येईल."

त्यांनी रजिस्टर ठेवून घेतलं. मेट्रन मात्र माझ्याशी बोलल्या नाहीत. जिन्यात समोरासमोर आलो तर बाजूला झाल्या, मला आधी जाऊ दिलं, आणि नमस्कार केला नाही. मला ते बरोबर वाटलं.

रविवारी शिंप्याच्या घरी गेलो. पत्ता जुन्या कागदांतून काढला. बाई एकट्याच राहतात. पुढच्या खोलीत मशीन तसंच आहे, वर कापड टाकलेलं. मी कोण, कशाला आलो, सगळं उभ्या उभ्याच सांगितलं, बसायचा धीर होईना. त्या ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "त्या नर्सबाई तेव्हाच येऊन गेल्या होत्या. दोनदा. पहिल्यांदा नुसत्याच बसून रडल्या. दुसऱ्यांदा मला डॉक्टरकडे घेऊन गेल्या, माझी साखर वाढली होती." पुढे म्हणाल्या, "त्यांनी तुमचं नाव नाही घेतलं. म्हणाल्या, नळी मी घातली, चूक माझ्या हातून झाली."

मी म्हणालो, "चूक तिची नव्हती."

"ते तुम्ही तेव्हा सांगायला हवं होतं," बाई म्हणाल्या. रागाने नाही, जशी एखादी गोष्ट समजावून सांगावी तशा. पाणी दिलं नाही. मी मागितलंही नाही.

तू तिथे गेली होतीस हे मला माहीत नव्हतं. मुंगे, मला फार लाज वाटते.

दादा


११ मार्च

मुंगे,

सोबत कागद जोडलाय. 'असत्य विधान' हे शब्द मागे घेतले आहेत. 'निष्काळजीपणा' हा शब्दही. त्या जागी लिहिलंय की परिचारिकेने पद्धतीविषयी वेळीच लेखी शंका विचारली होती आणि ती लायब्ररीत अडकून राहिली. माझ्यावर ठपका आहे, तो मी दोनदा वाचला. मराठी बरी आहे, एक अनुस्वार चुकलाय, पण मी काही बोललो नाही. आयुष्यात पहिल्यांदा.

मेट्रननी निरोप दिलाय, स्वतः नाही, त्या चष्मेवाल्या पोरीकरवी. तुझी जागा तुला परत मिळू शकते. तू काय ठरवशील ते ठरव, मी मध्ये पडत नाही. वहिनी म्हणते तू तिकडे वृद्धाश्रमात आयाचं काम करतेस, कारण तो शेरा बघून नर्स म्हणून कुणी घेतलं नाही. तू हे वहिनीला तिसऱ्याच पत्रात लिहिलं होतंस म्हणे. मी तेव्हा काय करत होतो ते आठवून बघितलं. जर्नलांना नवे पुठ्ठे घालत होतो.

ट्रे आता एकच आहे. चिठ्ठीवर सही लागत नाही. दर बुधवारी सकाळी मी वॉर्डात जातो, नर्सेसची पाळी बदलते तेव्हा कोपऱ्यात उभा राहतो आणि त्या आपसांत काय कुरकुरतात ते लिहून घेतो. प्रश्न तिथेच असतात गं सगळे. हे ड्रेसिंग रोज का बदलायचं, या आजोबांना दर दोन तासांनी वळवायचं की गादी बदलली तर चालेल, कुणाला तरी खटकत असतं आणि कुणी विचारत नाही. मी शोधतो, एका पानात लिहितो, त्यांच्या खोलीत टाचतो. नसेल सापडलं तर तसंही लिहितो. परवा एकीने माझं पान खोडून खाली लिहिलं, "काका, आमच्याकडे एवढ्या उशा नाहीत." बरोबरच आहे. पुस्तकात उशा मोजलेल्या नसतात, म्हणून मी भांडाराकडे जाऊन उशांसाठी भांडलो. हे सगळं तू मला पंधरा वर्षं सांगत होतीस, चहाच्या टेबलावर, आणि मी वर्तमानपत्र वाचत होतो.

भिंतीवर पहिलं पान नळीचं आहे. खाली लहान अक्षरांत लिहिलंय, 'हा प्रश्न प्रथम विचारणारी:' आणि पुढे तुझं नाव. त्या पोरीने विचारलं, या कोण? मी म्हणालो, माझी बहीण. हॉस्पिटलात हे मी मोठ्याने पहिल्यांदाच म्हणालो असेन.

मला माफ कर असं लिहिणार होतो. तीन कागद फाडले. ते मागायचं कुठल्या तोंडाने, हे कळत नाही, म्हणून लिहीत नाही.

दादा


२ एप्रिल, सकाळी साडेअकरा

मुंगे,

तुझं पाकीट दहा वाजून पाच मिनिटांनी मिळालं. घरी नाही, लायब्ररीच्या पत्त्यावर. आत पत्र शोधलं, पाकीट उलटं करून झटकलंसुद्धा. नव्हतं. फक्त एक चिठ्ठी होती, आपल्याच हॉस्पिटलची छापील, जुन्या पॅडातली. म्हणजे जाताना पॅड घेऊन गेली होतीस.

प्रश्न वाचला. गिळता न येणाऱ्या, तोंड कोरडं पडलेल्या म्हाताऱ्या माणसाचं तोंड कशाने आणि कितीदा स्वच्छ करावं. कारणाच्या रकान्यात लिहिलंयस: 'इथे लिंबू-ग्लिसरीनचे बोळे फिरवतात, आजोबा तोंड वाकडं करतात, मला ते पटत नाही.' तुझं अक्षर थोडं मोठं झालंय. चष्मा लागला का?

उत्तर असं. तुझी शंका बरोबर आहे. ते बोळे टाळावेत, त्याने तोंड उलट आणखी कोरडं पडतं आणि आंबटपणाने दात झिजतात. मऊ केसांचा लहान ब्रश पाण्यात बुडवून, निथळून, दात, जीभ, हिरड्या हळूच, दिवसातून निदान दोनदा. गिळता येत नाही म्हणून डोकं थोडं उंच किंवा मान कुशीवर, आणि पाणी घशात जाऊ द्यायचं नाही. मध्ये मध्ये ओठ आणि जीभ ओल्या, पिळलेल्या कापडाने ओलसर ठेवायची, ओठांना मलम. किती तासांनी, याचा एकच पक्का आकडा मला मिळाला नाही. तोंड बघून ठरवावं असंच बहुतेक ठिकाणी म्हटलंय. ते तू माझ्यापेक्षा चांगलं ठरवशील. ज्यातून घेतलं ती पानं सोबत लावली आहेत. शोधायला पस्तीस मिनिटं लागली.

चिठ्ठी रजिस्टरमध्ये चढवली. पदाच्या रकान्यात तू 'आया' लिहिलं आहेस. मी रजिस्टरमध्ये 'परिचारिका' लिहिलं. चिठ्ठीत नसलेलं मी रजिस्टरमध्ये कधी लिहिलेलं नाही, तेव्हा हेही तुला कळवून ठेवतो.

सहीचा रकाना तू कोराच ठेवला आहेस. मी बघितला. तो कोराच राहू दे.

बाकी काही विचारत नाही. पाकीट आत्ता स्वतः टपालात टाकायला निघालोय, बाराचं टपाल निघायच्या आत पोचायला हवं. ऑगस्टपर्यंत प्रश्न इथे पाठव, नंतर घरी. सोमवार ते शनिवार, कुठल्याही दिवशी चालेल.

दादा